अकरा एक्के

मास्तरांकडे खोली भाड्याने मागायला गेलो तेव्हा त्यांनी माझं गाव, घराणं, पगार यांतलं काहीच विचारलं नाही. पाटी पुढे केली आणि म्हणाले, "एकपासून नऊपर्यंत आकडे लिहा." मी लिहिले. त्यांनी पाटी दारातल्या उजेडात धरली, माझा एक आणि माझा नऊ निरखून पाहिला आणि म्हणाले, "वेगळे ओळखू येतात. सामान आणा." माझ्या आधी आलेल्या एका कारकुनाला त्यांनी याच परीक्षेत परत पाठवलं होतं, हे मला नंतर काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, सांगितलं.

ही त्रेचाळीस सालची गोष्ट. मी साताऱ्याहून सांगलीच्या एका शाळेत अंकगणित शिकवायला आलो होतो. मास्तर त्याच शाळेत वरच्या वर्गांना गणित शिकवत. गावात त्यांना एक्के मास्तर म्हणत. पत्त्यांशी त्याचा काही संबंध नव्हता. पत्ते त्यांनी जन्मात हातात धरले नव्हते. त्यांचा एक्का म्हणजे एक हा आकडा. असे अकरा एक्के ओळीने मांडले की जी संख्या होते, ११,११,११,११,१११, ती कशाने भागली जाते का, एवढंच ते शोधत होते. मी गेलो तेव्हा त्यांना पाच वर्षं झाली होती.

मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "याच संख्येत एवढं काय आहे?"

"काही नाही," ते म्हणाले. "दोन एक्के फुटत नाहीत, अकराच राहतात. तीन एक्के म्हणजे सदतीस त्रिक. पाच एक्के एकेचाळिसाने फुटतात. सात एक्के दोनशे एकोणचाळिसाने फुटतात, ते मी एका सुट्टीत काढलं. मधले चार, सहा, आठ वगैरे सोपे, त्यांना आधीच्याच एक्क्यांनी भाग जातो. मग अकरावर आलो. हे फुटेनात. तेव्हापासून बसलोय."

त्यांची पद्धत साधी होती. अशा संख्येला भाजक असला तर त्यातला लहान भाजक तिच्या वर्गमुळाच्या आत सापडायलाच हवा. हे वर्गमूळ एक लाख पाच हजार चारशे नऊच्या किंचित पुढे येतं. तिथपर्यंतच्या सगळ्या अविभाज्य संख्या त्यांनी आधी चाळून काढल्या. त्या सुमारे दहा हजार भरल्या. आता एकेकीने अकरा एक्क्यांना भागून पाहायचं. रोज सकाळी अंघोळ झाली की चहाच्या आधी दोन भागाकार. दोनच, जास्त नाही. "तिसऱ्या भागाकाराला डोळा आळसावतो," असं ते म्हणत.

भागाकार पाटीवर व्हायचा. झाला की भाजक आणि बाकी एवढे दोनच आकडे ते माजघराच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहायचे आणि पाटी पुसायचे. लढाईच्या दिवसांत कागद मिळत नव्हता, पण भिंत त्यांनी त्याआधीच धरली होती. काकू दर दिवाळीला चुन्याची बादली कालवून तीन भिंती रंगवून घ्यायच्या आणि चौथीपाशी येऊन थांबायच्या.

पाटी पुसण्याआधी ताळा घ्यायचा. नवाचा ताळा, आपण सगळे शाळेत शिकलो तोच: आकड्यांची बेरीज करायची, नऊ टाकून द्यायचे आणि दोन्हीकडे सारखं उरतं का पाहायचं. त्यातही मास्तरांचा एक नियम होता. ज्याने गणित केलं त्याने ताळा घ्यायचा नाही. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, म्हणून दुसरा माणूस पाहिजे. आधी हा ताळा त्यांचा मुलगा वसंता घ्यायचा. तो फौजेत गेल्यावर त्याची बायको वत्सलावहिनी घेऊ लागल्या. पदराला हात पुसत त्या चुलीजवळून यायच्या, उभ्या उभ्याच बेरजा करायच्या आणि "जुळला, मामंजी," एवढं बोलून परत जायच्या. सकाळी त्या घरात ऐकू येणारा पहिला आवाज बहुधा तोच.

बहुधा हा शब्द मी लिहिला खरा, पण मास्तरांसमोर तो उच्चारायची सोय नव्हती. एकदा काकूंना ताप आला. डॉक्टर म्हणाले, "बहुधा हिवताप." मास्तर म्हणाले, "बहुधा असेल तर औषधही बहुधा देणार का? रक्त तपासा." रस्त्यात कोणी "काय मास्तर, बरं आहे ना?" म्हटलं तर "अजून तपासलेलं नाही" असं उत्तर यायचं. लोक हसायचे. हळदपेठेतले हमाल त्यांना मुद्दाम हाक मारून विचारायचे, "मास्तर, फुटलं का न्हाई तुमचं एक्कं?" ते थांबून, नीट ऐकून घेऊन सांगायचे, "आज सकाळपर्यंत नाही." त्यांना चेष्टा कळत नव्हती असं नाही. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं, विचारणाऱ्याच्या तोंडाला नाही, असं त्यांचं धोरण होतं.

वसंता बिनतारी संदेशाच्या तुकडीत होता. मी सांगलीला आलो त्याच्या आदल्या वर्षीच तो पूर्वेकडच्या लढाईत बेपत्ता झाल्याची तार आली होती. ती तार कशी आली ते काकूंनी मला एकदा पापड लाटता लाटता सांगितलं. "सकाळीच आली. हे पाटी घेऊन बसलेच होते. तार वाचली, घडी घातली, खिशात ठेवली आणि पुन्हा पाटीवर वाकले. दोन्ही भागाकार पुरे केले. वत्सलेनं ताळा घेतला. मग तिला म्हणाले, बस इथं, तुला एक सांगायचंय."

वसंताला निरोप द्यायला हे सगळे मिरज स्टेशनवर गेले होते. गाडी सुटताना तो हसत बापाला म्हणाला होता, "मी येईपर्यंत एक्के फुटू देऊ नका." मास्तर म्हणाले, "शेवटचा भागाकार तुझ्यासाठी ठेवतो." काकूंचं म्हणणं असं की ह्यांनी तेव्हापासून मनाशी काहीतरी बांधून घेतलं आहे. मास्तरांनी तसं कधी कबूल केलं नाही.

लढाई संपली. कैदेतली माणसं परत येऊ लागली. वसंता आला नाही. एक दिवस शिराळ्याकडच्या एका खेड्यातला त्याच्या तुकडीतला शिपाई पत्ता शोधत आला. माणूस हाडापर्यंत वाळलेला होता. काकूंनी त्याला पाट दिला, पण तो पाटावर न बसता भिंतीला टेकून जमिनीवरच बसला.

"आमी म्होरं गेल्तो, मास्तर," तो म्हणाला. "वसंता आन आनखी चौघं मागं राहिली, तारा गुंडाळाया. मंग पूल उडाला."

"तू त्याला पुलावर पाहिलंस?"

"पुलावर न्हाई. पल्याड बगितलं हुतं."

"पूल उडण्याआधी किती वेळ?"

"आता त्ये कसं सांगू? बिडी वढून हुईल एवढा."

"म्हणजे तो पुलावर होता हे तू पाहिलेलं नाहीस."

"न्हाई जी. पन त्यानंतर कुनालाच गावला न्हाई त्यो."

"गावला नाही हे उत्तर नाही," मास्तर म्हणाले. "शोध कुठपर्यंत झाला, ते सांग."

शिपायाने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. काकूंनी त्याला जेवून जायला सांगितलं, पण तो थांबला नाही. मी त्याला मोटार अड्ड्यापर्यंत सोडायला गेलो. वाटेत तो म्हणाला, "आवं, म्हाताऱ्याला सांगू तरी काय? तिकडं शोधाया कोन बसलंय. त्या सुनंकडं बगा जरा. दारामागं हुबी हुती, एक सबूद बोलली न्हाई."

त्यानंतर काही महिन्यांनी फौजेच्या कचेरीतून पत्र आलं. इतका काळ पत्ता नाही, तरी सदर इसम मृत समजण्यात येत आहे. मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "समजण्यात येत आहे. आहे असं लिहिलेलं नाही."

इथपर्यंत हा एका बापाचा हट्ट होता, आणि अशा हट्टाला कोणी नावं ठेवत नाही. पण वत्सलावहिनींचं वय तेव्हा चोवीस होतं. त्या सातवी पास होत्या. साताऱ्याला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात, लढाईत पडलेल्यांच्या विधवांसाठी काही जागा ठेवल्या होत्या. दोन वर्षांचं शिक्षण, राहणं-जेवण तिथेच, पुढे शाळेत नोकरी. त्यासाठी एक प्रवेश परीक्षा होती आणि अर्जावर सासऱ्याने मुलगा मयत असल्याचं लिहून सही करायची होती. जागांची ती सवलत त्या एकाच वर्षापुरती होती.

वहिनींनी स्वतः विचारलं नाही. मला विचारायला लावलं.

"सगळे भाजक होऊ देत," मास्तर म्हणाले. "मग सही करतो."

"भाजकांचा आणि सहीचा काय संबंध?"

"नियम एकच आहे. शोध संपल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही. मी एका ठिकाणी तो पाळायचा आणि दुसऱ्या ठिकाणी मोडायचा, असं मला जमणार नाही."

"केव्हा संपतील?"

"रोजचे दोन. तुम्हीच हिशेब करा."

मी तिथेच केला. ते तेव्हा बावन्न हजारांच्या घरात होते. साडेचार हजारांवर भाजक उरले होते. साडेसहा वर्षं. मी तो आकडा मोठ्याने बोललो तेव्हा वहिनी दारात सूप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, त्यातला एक खडा वेचून बाहेर टाकला आणि आत गेल्या.

मी म्हटलं, "मीही रोज आठ-दहा करतो. शाळेतले आणखी दोघे-तिघे करतील. चार-पाच महिन्यांत संपवून टाकू."

"नको."

"का? चूक होईल म्हणून? ताळा तुम्ही घ्या."

"तो माझा मुलगा आहे," मास्तर म्हणाले. मी त्यांच्याकडे तीन वर्षं राहत होतो. एक्के आणि वसंता या दोन्ही गोष्टी त्यांच्या लेखी एकच आहेत हे त्यांच्या तोंडून निघालं ते तेवढ्या एका वेळी. नंतर ते बराच वेळ पाटी पुसत बसले. ती आधीच कोरी होती.

काकूंकडे बोलून पाहिलं. त्या म्हणाल्या, "तिचं मला कळत नाही असं नाही. पण ह्यांचं गणित चाललंय तोवर मलाही सकाळी उठवतं. तुम्ही यात पडू नका."

तरी वहिनींनी परीक्षेचा अभ्यास सोडला नाही. दुपारी काकू पडल्या की त्या माजघरात पाटी घेऊन बसायच्या आणि मी सुट्टीच्या दिवशी त्यांना अंकगणित सांगायचो. एकदा त्यांचा गुणाकार चुकला होता आणि ताळा मात्र जुळत होता. त्या गोंधळल्या. मी सांगितलं, "तुम्ही सत्तेचाळीसच्या जागी चौऱ्याहत्तर लिहिलेत. आकड्यांची अदलाबदल झाली. बेरीज अकराच राहिली, म्हणून नवाच्या ताळ्याला ते दिसत नाही. ताळा जुळला नाही तर गणित नक्की चूक. जुळला तर बरोबर, असं मात्र म्हणता येत नाही."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग भिंतीकडे पाहून म्हणाल्या, "ते फौजेत गेल्यापासूनचे सगळे ताळे मीच घेतलेत, भावजी."

दोन आठवड्यांनी त्यांनी मला एक भागाकार दाखवला. भाजक २१६४९. अकरा एक्क्यांना भागून भागाकार ५१३२३९ आणि बाकी शून्य. भिंतीवर २१६४९ पुढे बाकी लिहिली होती २०४२४. मी वहिनींचा भागाकार दोनदा केला, मग उलटा गुणाकार केला. अकरा एक्के ओळीने आले.

"हजारो भाजकांतून हाच कसा सापडला?" मी विचारलं.

"हजारो केलेच नाहीत. तार आली त्या आठवड्यातले तेवढे पुन्हा केले. रोजचे दोन, म्हणून भिंतीवर मोजून काढता आले. त्या दिवसांत मामंजींचं चित्त पाटीवर नव्हतं." मग त्या म्हणाल्या, "आणि माझं लक्ष नव्हतं."

"सांगणार का त्यांना?"

"नाही सांगितलं तर मी इथेच. सांगितलं तर ते कुठे जातील, ते मला दिसत नाही. चार दिवस तेच चाललंय डोक्यात."

मी पाटी त्यांच्याकडे परत दिली.

पुढे मास्तर गेल्यावर पुण्यात एका गणिताच्या प्राध्यापकांशी या संख्येबद्दल माझं बोलणं झालं. ते म्हणाले, हिचा कोणताही अविभाज्य भाजक घेतला तरी त्याला बाविसाने भागल्यावर एकच उरतो. तेव्हा दहांतले नऊ भाजक न पाहताच सोडता आले असते. मी घरी येऊन २१६४९ ला बाविसाने भागलं. एक उरला. म्हणजे मास्तरांचं आठ वर्षांचं काम मोजक्या महिन्यांचं होतं. हे त्यांना कळलं नाही ते बरंच झालं. नाहीतर वसंता गाडीत बसण्यापूर्वीच एक्के फुटले असते, आणि नंतरच्या चार वर्षांत त्या घराने सकाळी उठून काय केलं असतं, कोण जाणे.

सही केल्यावर मास्तर तीन पावसाळे जगले. त्यांनी पुन्हा गणित केलं नाही. पेन्शनीत निघाल्यावर ते सकाळी ओट्यावर बसायचे. कोणी "बरं आहे ना?" म्हटलं तर "आहे" म्हणायचे. वत्सलावहिनी साताऱ्याहून दर महिन्याला पत्र लिहायच्या. काकू ते वाचून दाखवायच्या, ते ऐकायचे. हमालांनी त्यांची चेष्टा करणं हळूहळू सोडून दिलं.

ज्या सकाळी वहिनींनी त्यांना सांगितलं, त्या सकाळी मी ओट्यावर दाढी करत होतो. माजघराचं दार उघडं होतं. मास्तर नेहमीप्रमाणे पाटी घेऊन बसले होते आणि नवा भाजक लिहीत होते. वहिनींनी आपली पाटी त्यांच्यासमोर ठेवली. "मामंजी, आधी हे बघा."

त्यांनी पाहिलं. आपल्या पाटीवरचा नवा भाजक पुसला आणि २१६४९ ने भागायला घेतलं. मी दाढी अर्धी टाकून दारात आलो. काकूही आल्या. शेवटचा नऊ लिहून त्यांनी वजाबाकी केली आणि शून्यावर पेन्सिल तशीच टेकवून ठेवली.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

मग ते भिंतीपाशी गेले, आपल्या हाताने लिहिलेली बाकी पाहिली आणि परत येऊन पुन्हा पाटीवर वाकले. मला वाटलं ते पुन्हा तपासताहेत. ते चूक शोधत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "ही बघ. इथे पाच हजार एकशे चौऱ्याहत्तर उरतात. मी पाच हजार सातशे चौदा घेतले. सात आणि एक, जागा बदलल्या." तो चुकीचा आकडा घेऊन त्यांनी भागाकार शेवटपर्यंत नेला. बाकी आली २०४२४, भिंतीवर होती तीच. "दोन्हींची बेरीज सतरा. ताळा जुळणारच. तुझी चूक नाही."

"तार आली त्या दिवसाचं आहे ते," वहिनी म्हणाल्या.

"माहीत आहे. तारीख मला आठवते."

"मी हे मुद्दाम शोधलं, मामंजी. मला साताऱ्याला जायचंय."

"शोधणारा मुद्दामच शोधतो," ते म्हणाले. त्यात राग नव्हता.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "मास्तर, आता तो दुसरा भाजक आहे ना. पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. तो फुटतो की नाही, ते पाहायला हवं."

त्यांनी वर पाहिलं. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर नेहमीचे मास्तर आले. मग त्यांनी मान हलवली. "त्याचं वर्गमूळ सातशे सोळाच्या आसपास. तो ज्याने फुटेल त्याने अकरा एक्केही फुटले असते, आणि तिथपर्यंतचे सगळे मी पहिल्या काही महिन्यांतच पाहिलेत. तो अविभाज्यच आहे." पाटी त्यांनी बाजूला सारली. "यात आता काही उरलं नाही. अर्ज आण."

वहिनींनी अर्ज आणला. काकू उंबऱ्यातच खाली बसल्या होत्या. मास्तरांनी टाक शाईत बुडवला आणि मुलाच्या नावाच्या जागी पूर्ण नाव लिहिलं, त्यांच्या त्या कोरीव अक्षरात. नाव त्यांनी ओळीच्या सुरुवातीपासून लिहिलं नव्हतं. आधी थोडी जागा सोडली होती. सही केली, तारीख घातली. शाई वाळेपर्यंत ते त्या सोडलेल्या जागेकडे पाहत राहिले. कोणी घाई केली नाही. मग त्यांनी टाक पुन्हा बुडवला आणि नावाआधी कै. लिहिलं.

अर्जाची घडी घालून त्यांनी ती माझ्याकडे दिली. "पाकिटात घालून तुम्हीच टाका," ते म्हणाले. "मला पोस्टापर्यंत जायला जमणार नाही."